महेबूबचा एकमेव बरोबर अंदाज

येडशीच्या स्टेशनाबाहेर महेबूब तांबोळ्याचं पानाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार फळ्या आणि वर पत्रा. त्या फळ्यांमागं बसलेला माणूस बारा वर्षं विमानं पाडायच्या तोफखान्यात होता, हे सांगितल्याशिवाय कुणाला खरं वाटत नसे आणि सांगितल्यावर तर मुळीच वाटत नसे. फौजेनं त्याला नाईक करून घरी पाठवलं होतं. हवालदार त्याला गावानं केलं, तेही बिनपगारी.

"किती इमानं पाडली, हवालदार?" गिऱ्हाईक विचारायचं.

"एक पाडता पाडता ऱ्हायलं," महेबूब पानाला चुना लावत म्हणायचा. "आपलंच हुतं."

ही थाप नव्हती. सरावासाठी एक विमान लांब दोरीला कापडाची पिशवी बांधून आकाशातून ओढत न्यायचं आणि खालच्या तोफांनी त्या पिशवीवर गोळे डागायचे, असा रिवाज होता. एकदा गोळा पिशवीपाशी न फुटता दोरीच्या दुसऱ्या टोकाजवळ जाऊन फुटला. विमानातल्या साहेबानं वायरलेसवर जे शब्द वापरले ते महेबूबला तोंडपाठ होते, पण दुकानावर बायामाणसं येतात म्हणून तो ते सांगत नसे.

त्याचं काम खरं तर तोफेवर नव्हतंच. तोफांच्या मधोमध तीन पायांवर एक लोखंडी पेटारा उभा असायचा. आत नुसती दातेरी चाकं. विमान किती उंचावर आहे, कुठल्या बाजूला आणि किती वेगानं चाललंय, हे त्या पेटाऱ्याला बाहेरून मुठी फिरवून सांगायचं. मग तो आतल्या आत हिशेब करून तोफांना कळवायचा, की गोळा वर पोचेल तेव्हा विमान कुठं असेल. आहे तिथं मारायचं नाही, असेल तिथं मारायचं. हुकूम द्यायला कॅप्टनसाहेब शेजारी उभे असत, पण विमान डोक्यावर आलं की साहेबाला विचार करायला सवड कुठली! ते काम पेटारा करायचा. इंग्रजीत त्याला प्रेडिक्टर म्हणत. महेबूबनं त्याचं नाव अंदाजपेटी ठेवलं होतं.

अंदाजपेटीभोवती पाच-सहा जण उभे असत आणि प्रत्येकाकडे एकेक चाक. महेबूबच्या चाकापुढं एक तबकडी होती, तिच्यात दोन काटे. एक काटा आपला आपण हलायचा आणि दुसरा चाक फिरवून त्याच्यावर आणून ठेवायचा. बारा वर्षं त्यानं हेच केलं. काट्यावरची नजर हलली की उस्ताद पाठीत गुद्दा घालत, त्यामुळं इतक्या वर्षांत त्यानं स्वतःच्या तोफखान्याचा एकही गोळा फुटताना पाहिला नाही. हे सगळं त्यानं अजीजाबीला लग्नानंतर मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं, तेव्हा ती दळण दळत होती. ती म्हणाली, "चाक तो मैं बी फिराती. मेरे चाक में से आटा तो निकलता."

उस्तादांनी पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं. "दुश्मन सीधा चलेगा, एकही रफ्तार से चलेगा, ये मान के चलो."

"और मुडा तो, उस्ताद?"

"तो तुम्हारी किस्मत."

आणखी एक गोष्ट उस्तादांनी सांगितली होती. पेटी स्वतःची जागा कधी मोजत नाही. ती उभी आहे ते शून्य. बाकी सगळी दुनिया तिथून मोजायची. म्हणून एकदा मांडली की तिला हलवायचं नाही.

गावाला यातलं फारसं कळलं नाही, पण हा माणूस पुढचं सांगतो एवढं पक्कं कळलं. मग काय विचारता! मूग आत्ता काढू का चार दिवसांनी? पाहुणे येतील का परस्पर बार्शीला जातील? लातूरकडनं येणारी छोटी गाडी किती वाजता येईल? महेबूब डोळे बारीक करून, बोटांवर मोजून सांगायचा आणि ते हमखास चुकायचं. गाडी तर त्यानं सांगितलेल्या वेळी चुकूनसुद्धा आली नाही. स्टेशनमास्तर म्हणत, "आमचं टाइमटेबल परवडलं." लोक हसायचे, महेबूबही हसायचा आणि दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा विचारायला यायचे.

त्याला ते विचारणं फार आवडायचं. त्याचं कारण होता त्याचा बाप. अठ्ठेचाळीस साली निजाम गेला, फौजा आल्या आणि रझाकारांचा सूड म्हणून गावागावांतून मुसलमानांशी नको ते झालं. बापानं कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. पण केलं नाही हे विचारायला तरी कोण येणार? त्यानं तेव्हा जी मान खाली घातली, ती मरेपर्यंत वर केली नाही. गावात कशाहीबद्दल त्याचं मत म्हणून नव्हतं. पाऊस पडेल का, एवढं विचारलं तरी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायचा. महेबूबला मत असायला हवं होतं. चुकलं तरी चालेल, पण चारचौघांत उभं राहून सांगता आलं पाहिजे आणि कुणीतरी ते मागितलं पाहिजे. चुकीचे अंदाज सांगताना तो मनातल्या मनात खूश असे, ते यामुळं.

पासष्टच्या सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई जुंपली. लढाई कुठल्या कुठं होती. पण रात्री छत्र्यांतून शत्रू उतरतात, पूल उडवतात, विहिरीत विष टाकतात, असल्या बातम्या येडशीपर्यंत बिनतिकीट पोचल्या. गावानं कंदिलांना काळे कागद लावले. अनोळखी जोगी-फकीर दिसला तरी पोरं आरडाओरडा करू लागली.

अशातच एका सकाळी दगडोबा धनगर मेंढरं टाकून धावत आला. रामलिंगच्या डोंगरावर, खिंडीच्या अंगाला, आभाळातनं पांढरी छत्री उतरताना त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. खाली काहीतरी लोंबत होतं म्हणे. पोलीस पाटील रामकिसननं स्टेशनातून तालुक्याला तार करवली आणि दुपारच्या आत फौजदार तीन शिपाई आणि एक बंदूक घेऊन हजर झाले. फौजदार तरणेबांड, नोकरीत नवे. म्हातारी माणसं निजामाच्या काळच्या सवयीनं त्यांना अमीनसाब म्हणू लागली, तर ते गोंधळून मागं बघायचे.

त्यांची अडचण खरी होती. डोंगर एवढा थोरला, झाडीनं भरलेला, माणसं तीन. जो येईल तो निराळी दिशा दाखवी. शिपाई उजवीकडं पाठवावेत तर शत्रू डावीकडनं निसटायचा.

"साहेब," रामकिसन म्हणाला, "आमच्यात एक फौजी हाय. शत्रू कुठं जाईल त्ये सांगायचं त्येचं कामच हुतं." रामकिसन महेबूबचा लहानपणचा सोबती. एकाच मास्तराच्या छड्या खाल्लेल्या.

निरोप आला तेव्हा महेबूब लुंगी-बनियनवर सुपारी कातरत होता. तो घरी धावला, ट्रंकेतून खाकी कपडे काढले, बूट चढवले, हॅट घातली. तुमानीचं वरचं बटण काही लागेना, म्हणून सदरा बाहेर सोडला. अजीजाबी म्हणाली, "रोटी खाके जाव." तो म्हणाला, "सरकार बुलाती." सरकारनं त्याच्या घराला पहिल्यांदाच बोलावलं होतं, भाकरी थांबू शकत होती.

फलाटाच्या फरशीवर त्यानं दुकानातला चुना कालवून नकाशा काढला. रामलिंगचा डोंगर, खिंड, रूळ, ओढा, तो ओलांडायची दगडी फरशी, जवळच ओढ्यावरचा रेल्वेचा छोटा पूल. शत्रू जिथं जिथं दिसेल तिथं एक सुपारी ठेवायची आणि सुपाऱ्यांवरून तो पुढं कुठं जाईल ते काढायचं. फौजदार गुडघ्यावर बसून बघत राहिले. इतका वेळ सगळे त्यांना डोंगर दाखवत होते. डोंगर कसा बघायचा ते पहिल्यांदा कुणीतरी दाखवत होतं.

"पण खबर खरी पाहिजे, साहेब," महेबूब म्हणाला. "पेटीला खोटं सांगितलं तर पेटी बी खोटंच सांगती. म्या सोता बघून येतो."

शिपाई पुलाच्या पहाऱ्यावर होते, म्हणून फौजदारांनी आपली दुर्बीण त्याच्या गळ्यात घातली. सायकल हाणत तो खिंडीखाली गेला, सायकल झुडपात टाकली, वर चढला आणि दुर्बिणीतून चारी दिशा न्याहाळल्या. कुणी नाही. परत आला, तर फलाटावर गवत कापणारी विठाबाई धापा टाकत उभी.

"खिंडीवर मानूस हाय! खाकी कापडं, डोळ्याला नळकांडं. म्या लांबनं बघितला आन् भारा टाकून पळाले."

"च्यायला, थोडक्यात हुकला! म्या आत्ता तिथंच हुतो की!" महेबूबनं खिंडीवर सुपारी ठेवली.

मग तो विठाबाईच्या गवताच्या रानामागच्या टेकाडावर जाऊन आला. परत येतो तो रुळावरचा गँगमन खबर घेऊन हजर: टेकाडावर खाकी माणूस, चौफेर टेहळणी करतोय. दुसरी सुपारी. महेबूब रूळ कापून काढलेल्या कटिंगच्या माथ्यावर जाऊन आला. आता दगडोबा आला: कटिंगवर खाकी माणूस, सरळ माझ्या मेंढरांकडंच बघत होता. तिसरी सुपारी.

महेबूबनं सुपाऱ्यांवरून दोरी धरली आणि त्याच्या अंगावर काटा आला. तिन्ही एका रेषेत! वेळांचा हिशेब केला, तर वेगही एकच. बारा वर्षं उस्ताद ज्याची वाट बघत होते, तो सरळ जाणारा, मुकाट्यानं चालणारा शत्रू अखेर रामलिंगच्या डोंगरात उतरला होता. डोंगरातनं तो जवळजवळ सायकलच्या वेगानं चालला होता. महेबूबला त्याच्या दमाचं कौतुकसुद्धा वाटलं. गळ्यात दुर्बीण, अंगात खाकी, पायात चिखलानं भरलेले बूट अशा अवस्थेत वाकून तो खाकीतल्या दुर्बीणवाल्याचा माग काढत होता आणि ना त्याच्या, ना पाटलाच्या, ना फौजदारांच्या डोक्यात काही आलं. पेटी स्वतःला मोजत नाही, ती अशी.

"दिवस मावळायला ओढ्याच्या फरशीवर येईल," त्यानं सांगितलं. "तिथनं पूल हाकेच्या अंतरावर."

फौजदार उभे राहिले. "नक्की?"

आता बघा, तोफखान्यात हा प्रश्न महेबूबला कुणी कधी विचारला नव्हता. तिथं काटा काट्यावर ठेवायचा आणि गप्प राहायचं. पण रामकिसन बघत होता, स्टेशनमास्तर बघत होते, अर्धं गाव फलाटाला टेकून बघत होतं.

"नक्की," तो म्हणाला.

"गोळी घालायची की पकडायचा?"

"त्ये पेटी सांगत न्हाय, साहेब. त्ये कॅप्टनचं काम."

फौजदारांनी क्षणभर ओठ चावले. "थांब म्हणून ओरडेन. नाही थांबला तर गोळी. आणि हवालदार, पळत्या माणसावर नेम कसा धरायचा?"

"आहे तिथं धरू नगा. असंल तिथं धरा. जरा म्होरं," महेबूबनं मोठ्या प्रेमानं शिकवलं.

सगळी मंडळी कुऱ्हाडी, काठ्या घेऊन फरशीकडं गेली आणि दोन्ही बाजूंच्या बाजरीत दबा धरून बसली. महेबूबला फौजदारांनी नकाशापाशी थांबायला सांगितलं होतं. तो थांबलाही. पण फलाटावर एकटं बसल्यावर त्याला राहवेना. बारा वर्षांत एक गोळा फुटताना पाहिला नाही. आयुष्यातला पहिला बरोबर अंदाज, तोही बघायचा नाही? उस्ताद तर इथं नव्हते. फौजदारांना दिसू नये म्हणून तो वळसा घालून निघाला, म्हणजे डोंगराच्या बाजूनं. शेवटच्या उताराला सायकल टाकली आणि दुर्बीण डोळ्याला लावून हळूहळू ओढ्याकडं उतरू लागला. सूर्य नुकताच टेकला होता. तो त्याच जागी, त्याच वेळी फरशीवर पोचला.

"थांब!"

महेबूब जागच्या जागी थिजला. फौजी माणूस, थांब म्हटलं की थांबणारच. नवशिक्या फौजदारांच्या बंदुकीचा चाप मात्र ओरडण्याबरोबरच ओढला गेला होता. नेम शिकवल्याप्रमाणं जरा पुढं धरलेला होता. महेबूब थांबल्यामुळं गोळी त्याच्या नाकासमोरून गेली आणि पलीकडच्या पाण्यात पडली. त्याला वाटलं, शत्रू आपल्या मागंच आहे. त्यानं गर्रकन वळून पाहिलं आणि आनंदानं ओरडला, "सोडू नगा! धरा!"

लोकांनी धरलं. पहिली काठी खांद्यावर बसली आणि तो फरशीवरच्या पाण्यात आडवा झाला. हॅट वाहून गेली.

"हाच त्यो! खाकी, नळकांडं!" विठाबाई ओरडली. मग वाकून बघत म्हणाली, "अगं बया. ह्यो तर तांबोळ्याचा म्हेबूब."

महेबूबला पाण्यात पडल्या पडल्याच सगळं उमगलं: खिंड, टेकाड, कटिंग. त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की तसंच वाहून जावं असं वाटलं. फौजदारांनाही उमगलं असावं. त्यांच्या हातातली बंदूक खाली आली.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "पर छत्री तर उतरली न्हवं? मग ह्यो दिसभर डोंगरात कुणाला हुडकत हुता? कुणाला भेटाया?"

आवाज रामकिसनचा होता.

तो वाईट बुद्धीनं बोलला असं महेबूबला तेव्हाही वाटलं नाही. पाटलाच्या मनात प्रश्न आला आणि तोंडातून निघून गेला. पण कुऱ्हाडी अजून खाली आल्या नव्हत्या आणि तो प्रश्न एकेका तोंडावर पसरताना त्याला दिसला. खाकी माणूस म्हणजे महेबूब, इतकं आता ठरलं होतं. तो मूर्ख होता का शत्रूला मिळालेला, एवढंच राहिलं होतं, आणि सुपाऱ्या दोन्ही बाजूंनी सारखीच साक्ष देत होत्या. महेबूब जन्मात इतका भ्याला नव्हता. बापानं मान खाली का घातली असेल, ते त्याला त्या पाण्यात बसून कळलं.

मग तो उठला आणि हसला. हसणं नीट आलं नाही, म्हणून पुन्हा हसला.

"फौजदारसाहेब, ह्या सगळ्या सुपाऱ्या म्याच हाय!" त्यानं पहिल्यापासून सांगायला घेतलं. खिंडीवर कसा गेला, परत येऊन कसा म्हणाला की थोडक्यात हुकला. टेकाडावर दुर्बीण लावून आपण कसे डोळे फाडत होतो ते त्यानं करून दाखवलं. "आन् म्या म्हनतोय, ह्या दुश्मनाला दम लई! ह्याच्यासारखा गडी आपल्या पलटणीत न्हवता! माझी मीच पाठ थोपटली!" सदरा वर करून न लागलेलं बटण दाखवलं. गोळी आली तेव्हा मागं वळून कुणाला बघत होता, तेही दाखवलं. ओल्या कपड्यांनी, दुखऱ्या खांद्यानं तो फरशीवर इकडून तिकडं नाचत होता आणि एकेकाचं तोंड बघत होता.

दगडोबाला पहिल्यांदा हसू फुटलं. मग विठाबाईला. मग बाजरीतून हसण्याचा लोटच आला. फौजदार शेवटी हसले आणि त्यांचं हसू फुटल्यावर लोकांनी कुऱ्हाडी खांद्यावर टाकल्या.

रामकिसननंच त्याला सायकलवर बसवून घरी सोडलं. दारात म्हणाला, "फार लागलं न्हाय न्हवं?"

"न्हाय, पाटील," महेबूब म्हणाला. तोवर तो रामकिसनला कधी पाटील म्हणाला नव्हता. अजीजाबीनं खांद्याला हळद लावताना विचारलं, तेव्हा तिला तो एवढंच म्हणाला, "घसरलो."

दुसऱ्या दिवशी छत्री सापडली. रामलिंगच्या एका पळसाला कापड अडकलं होतं आणि खाली पुठ्ठ्याचा एक डबा लोंबत होता. हवामान खात्यानं आभाळात किती गारवा आहे ते बघायला सोडलेला. गावानं पुन्हा एकदा पोट धरून हसून घेतलं. त्या दिवशी महेबूब सुटला खरा, पण आदल्या संध्याकाळी डबा सापडलेला नव्हता, हे तो विसरला नाही.

पुढं ती गोष्ट त्यानंच गाजवली. जो पानाला येईल त्याला सांगायची. दर वेळी तो स्वतःला आणखी थोडा मूर्ख करायचा. तुमानीचं बटण तुटून विठाबाईच्या भाऱ्यात पडू लागलं, बूट उलटसुलट झाले, गोळी मिशी भादरून जाऊ लागली. मुरुम-उमरग्याकडचे व्यापारी गाडीला वेळ असला की मुद्दाम ऐकायला येत. लोक म्हणत, स्वतःवर असं हसायला मोठं काळीज लागतं. अजीजाबीला ते आवडायचं नाही. ती म्हणायची, दुनिया हसती तुमपे. तो म्हणायचा, हसती तब तक अच्छा है.

पाटलाकडं कुणी पाहुणा आला की रामकिसन त्याला हटकून दुकानावर आणायचा. प्रेमानं आणायचा, त्यात खोट नव्हती. "महेबूब, ती फरशीची गंमत सांग की पावण्यास्नी."

महेबूब पहिलं पान रामकिसनला द्यायचा आणि सुरुवात करायचा. समोर पाच माणसं असोत का पंचवीस, सांगताना तो एकट्या रामकिसनच्या तोंडाकडं बघत असायचा. रामकिसन हसला, की मगच पुढचं सांगायचा.